एका पेटीचे सतराशे साठ पत्ते

अरे, रत्नागिरीच्या त्या बागायतदारांची वेबसाइट हातात घेतलीस, छान केलंस. पण ‘डुप्लिकेट कंटेंटमुळे गूगलने आपल्याला दंड केलाय’ हे त्यांचं पालुपद तू मलाही तसंच्या तसं ऐकवलंस, म्हणून हे लिहून देते. आधी त्यांच्या आणि तुझ्याही डोक्यातून तो दंड काढ. असा दंड नेहमीच्या अर्थाने अस्तित्वात नाही, हे गूगलनेच २००८ साली लिहून स्पष्ट केलं होतं. गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स २०१३मध्ये म्हणाले होते, की वेबवरचा २५ ते ३० टक्के मजकूर दुबार आहे. एवढ्या सगळ्यांना शिक्षा करत बसलं, तर लोकांना दाखवायला उरणार काय?

गूगल करतं ते इतकंच, की सारखी पानं एका गटात घालतं, त्यातलं एक निवडतं आणि तेच दाखवतं. दुखणं आहे ते या निवडीत. तू निवडलं नाहीस तर ते निवडणार, आणि त्याची निवड धंद्याच्या सोयीची असेलच असं नाही. प्रिंट काढण्यासाठी बनवलेलं पान वर येतं, ज्यावर ऑर्डरचं बटणच नाही. गेल्या मोसमाचा भाव लिहिलेलं पान वर येतं, मग गिऱ्हाईक फोन करून भांडतं. वर्तमानपत्राने एका पत्त्याला लिंक दिलेली, कुणा खवय्याने दुसऱ्याला, त्यामुळे एकाच पानाचं वजन विभागलं जातं. गूगल ते बरंचसं जोडून घेतं, पण ते त्याच्या मर्जीवर कशाला सोडायचं?

यात दोन वेगळी दुखणी असतात आणि लोक दोन्हीला एकच नाव देतात. एक पत्त्यांचं: मजकूर आपलाच, पान एकच, पण त्याला पोचायच्या वाटा फार. दुसरं मजकुराचं: पान वेगळं, पत्ता वेगळा, पण लिहिलेलं सगळ्या गावाचं सारखं. पहिलं यंत्राने बरं होतं. दुसऱ्याला माणूस लागतो, आणि बहुतेक जण पहिल्याचं औषध दुसऱ्याला लावत बसतात.

पत्त्यांपासून सुरुवात कर. ‘हापूस पाच डझन पेटी’ हे त्यांचं पान घे आणि किती प्रकारे उघडतं ते करून बघ. एचटीटीपीने उघडतं, एचटीटीपीएसने उघडतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडतं, न लावताही. इथेच चार झाले. शेवटी तिरकी रेघ दिली की आणखी चार. किमतीप्रमाणे क्रम लावला की पत्त्याला प्रश्नचिन्ह आणि त्यामागे शेपूट. फेसबुकवरून कोणी आलं की फेसबुक आपलं वेगळं शेपूट जोडतं, जाहिरातीच्या लिंकला यूटीएमचं. ‘घरपोच आंबे’ या विभागातून शिरलास तर पत्त्यात तो विभाग, ‘भेटवस्तू’मधून शिरलास तर दुसरा. त्यात चार डझन, पाच डझन, सहा डझन यांना कुणी स्वतंत्र पानं केली असतील तर विचारूच नकोस. माणसाला एकच पेटी दिसते. गूगलच्या लेखी मात्र प्रत्येक पत्ता म्हणजे वेगळं पान, निदान उघडून बघेपर्यंत तरी.

यातला खरा पत्ता कोणता, हे कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कागदावर लिही. एचटीटीपीएस तर हवंच. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. काही फरक पडत नाही, एक काहीतरी ठरव आणि त्याला चिकटून राहा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पूर्वी आवडीचं डोमेन सांगायची सोय होती, ती २०१९मध्ये काढली. प्रश्नचिन्हामागची शेपटं वगळायला सांगायचं साधन होतं, तेही २०२२मध्ये गेलं. जुन्या व्हिडिओत कोणी ते बटण दाखवत असेल तर शोधत बसू नकोस.

आता माझ्याकडून एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे कर: जो पत्ता माणसाला कधीच लागणार नाही त्याला ३०१ रीडायरेक्ट, जो माणसाला लागतो पण गूगलला नको त्याला कॅनॉनिकल. एचटीटीपीचं जुनं पान कुणालाच नको, म्हणून तिथून सरळ नव्या पत्त्यावर हाकलायचं. किमतीप्रमाणे लावलेली यादी गिऱ्हाइकाला हवी असते, ती बंद करून चालणार नाही. म्हणून तिच्या आत ‘माझा मूळ पत्ता अमुक’ एवढी चिठ्ठी ठेवायची. ही चिठ्ठी म्हणजे कॅनॉनिकल टॅग. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एकमेकांच्या स्पर्धकांनी फेब्रुवारी २००९मध्ये तो मिळून जाहीर केला, यावरून तेव्हा दुबार पत्त्यांचा किती वैताग झाला असेल ते ओळख.

कॅनॉनिकल म्हणजे हुकूम नव्हे, विनंती. ती मान्य व्हावी असं वाटत असेल तर ती नीट करावी लागते. पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहायचा, अर्धा नाही. तो पानाच्या हेड भागातच हवा. आणि एकच हवा. दोन एसईओ प्लगइन बसवले की दोन चिठ्ठ्या निघतात आणि गूगल दोन्ही बाजूला ठेवू शकतं. खऱ्या पानावरही स्वतःचाच पत्ता दाखवणारी चिठ्ठी असू दे, म्हणजे शेपूट लावून कुणी आलं तरी प्रश्न मिटतो. पेट्यांची यादी दोन-तीन पानांची असेल तर दुसऱ्या पानाची चिठ्ठी पहिल्याकडे वळवू नकोस, कारण दुसऱ्या पानावरचा माल वेगळा आहे. आणि सगळ्या साइटची कॅनॉनिकल होमपेजवर लावणारे महाभागही असतात. त्यांच्या दुकानात मग फक्त दरवाजा उरतो.

पण खरी गडबड वेगळीकडेच होते. चिठ्ठीत एक पत्ता, मेनूतल्या लिंकमध्ये दुसरा, साइटमॅपमध्ये तिसरा. अशा वेळी गूगल तुझं ऐकत नाही आणि ते बरोबरच आहे. रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकल ही जोरदार खूण, साइटमॅप त्यामानाने कमजोर. पण सगळ्या खुणा एकाच बाजूला असल्या की सहसा वाद होत नाही. सर्च कन्सोलमध्ये एखाद्या पानाचा पत्ता घालून तपासलास, की तुला दोन ओळी दिसतील: तू सांगितलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला. महत्त्वाच्या पानांच्या या दोन ओळी जुळतात का, एवढं बघत जा. बाकीचे आलेख क्लायंटला दाखवायला बरे असतात.

रोबोट्स फाइलमधून दुबार पानं बंद करायची कल्पना तुला सुचेलच, सगळ्यांना सुचते. करू नकोस. दार बंद केलंस की आत ठेवलेली चिठ्ठी गूगल वाचणार कशी? बाहेरून त्या पानाला लिंक असेल तर नुसता पत्ता तरीही निकालात येऊ शकतो. ‘नोइंडेक्स’ हा कॅनॉनिकलला पर्याय नाही आणि दोन्ही एकाच पानावर लावायचे नसतात. एक म्हणतो मला विसरा, दुसरा म्हणतो माझं त्या पानाच्या खात्यात जमा करा. नोइंडेक्स ठेव तो कार्टच्या पानाला, ‘ऑर्डर मिळाली, आभारी आहोत’ या पानाला, साइटमधल्या शोधाच्या निकालांना.

आणि टेस्ट साइट! नवीन डिझाइन दाखवायला उघडून दिलेली, तीच पेटी, तोच भाव, सगळं जगाला दिसतंय. तिला पासवर्ड लाव. नोइंडेक्सवर भागवलंस तर एक दिवस तीच साइट उचलून लाइव्ह जाते आणि वर्डप्रेसमधली ‘सर्च इंजिनांना येऊ देऊ नका’ ही खूणही तिच्याबरोबर जाते. ऐन एप्रिलमध्ये दुकान गायब. या धंद्यात हे इतक्या वेळा झालेलं आहे, की साइट लाइव्ह केली की मी सगळ्यात आधी तीच खूण बघते.

वर्डप्रेसचं आणखी एक. प्रत्येक फोटोसाठी ते वेगळं पान करत असे, ज्यावर फोटोशिवाय काहीच नसायचं. नोव्हेंबर २०२३च्या ६.४ आवृत्तीपासून नव्या साइटवर ते बंद आहे, पण यांची साइट जुनी. तेव्हा ती पानं मूळ फोटोवर किंवा मूळ पानावर वळव. टॅगांची पानं तर निम्मी उडव.

टॅगांवरून आठवलं, हे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. यांच्या साइटवर ‘कैऱ्या’ नावाचे दोन टॅग आहेत ना? डोळ्यांना दोन्ही सारखे. कारण असं, की त्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला तर एक, आणि साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडवर्ण टाकला तर दुसरा. दुकानातल्या मुलाचा फोन एक टाइप करतो, मालकांचा जुना कीबोर्ड दुसरा. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी नावं, म्हणून दोन टॅग, दोन पत्ते, निम्म्या कैऱ्या इकडे, निम्म्या तिकडे. दऱ्याखोऱ्या, सुट्ट्यांच्या वाऱ्या, जिथे हा र येतो तिथे तपास. त्या मानाने देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची जी लांबलचक माळ दिसते, तिला घाबरू नकोस. तो दुसरा पत्ता नव्हे, त्याच पत्त्याचं लिहिण्याचं रूप आहे.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन पानं म्हणजे डुप्लिकेट का, असं तू विचारलं होतंस. नाही. नीट केलेलं भाषांतर दुबार धरलं जात नाही. दोन्ही पानांवर एचरेफलँगच्या, म्हणजे दुसऱ्या भाषेतलं पान कुठे आहे ते सांगणाऱ्या, खुणा लाव, मराठीवरून इंग्रजीकडे आणि इंग्रजीवरून मराठीकडेही. एकतर्फी खूण धरली जात नाही. पण हे करताना मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजीकडे जात नाही ना, ते आधी बघ. भाषांतराच्या कित्येक तयार साच्यांमध्ये ही खोड असते. मराठी पानं वर्षभर मेहनत करून लिहिली जातात आणि प्रत्येक पान आतून नम्रपणे सांगत असतं, की मी नाही, ते इंग्रजी पान खरं. मग गूगल मराठीला विचारत नाही अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा मराठीला आपणच विचारलेलं नसतं.

आता मजकुराकडे ये. त्यांच्या पेटीखाली काय लिहिलंय? ‘कोकणचा राजा, रसाळ, मधुर, केशरी, अस्सल देवगड-रत्नागिरी हापूस, थेट बागेतून तुमच्या घरी.’ यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलमध्ये शोध. पावसपासून पनवेलपर्यंत सगळ्या साइटवर तेच सापडेल. कोणी कोणाचं उचललं ते आता देवालाच माहीत. अशा वेळी कॅनॉनिकल, रीडायरेक्ट काही कामाचं नाही. तू फार तर तो मजकूर फिरवून लिहिशील, रसाळचं रसदार, मधुरचं गोड. किती टक्के वेगळं असलं की चालतं, हा प्रश्नच विचारू नकोस. असा आकडा गूगलने कधी दिलेला नाही.

शब्द फिरवून का भागत नाही, ते एकदा समजून घे. १९९७मध्ये अँड्रे ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनाच्या काळात तीन कोटी पानं घेऊन एक युक्ती दाखवली: मजकुराचे लागोपाठच्या शब्दांचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एका शब्दाने पुढे सरकलेला, आणि दोन पानांत किती तुकडे सामाईक आहेत ते बघायचं. पुढे मोझेस चारीकर यांनी २००२मध्ये मजकुराचा ठसा काढायची पद्धत मांडली. हे मुंबईचे, पवईच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले. साध्या हॅशमध्ये एक अक्षर बदललं की ठसा पार बदलतो. यांच्या पद्धतीत सारख्या मजकुरांचे ठसे सारखेच येतात. गूगलच्या मंडळींनी २००७मध्ये निबंध लिहून सांगितलं, की आठ अब्ज पानांवर ही पद्धत चालते. ६४ बिटांचा ठसा, आणि दोन ठशांत तीनपर्यंत बिट वेगळे असले तरी पानं जवळपास एकच धरायची. तुझी दोन विशेषणं त्या ठशाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. ही झाली २००७ची गोष्ट. त्यानंतर यंत्रं मूर्ख झालेली नाहीत.

मग लिहायचं काय? मालकांना विचार. त्यांना जे माहीत आहे ते साइटवर कुठेच नाही. साक्याचं विचार. फळ बाहेरून देखणं, कापल्यावर आत पांढरट भुसभुशीत डाग. कापल्याशिवाय कळत नाही म्हणून गिऱ्हाईक बागायतदाराला लबाड म्हणतं. साका निघाला तर हे लोक काय करतात, फळ बदलून देतात की पैसे वळते करतात, ते लिही. पेटी हिरवी कडक आली तर घरी अढी कशी घालायची, फ्रिजमध्ये कधी ठेवायचं, कधी मुळीच नाही. चार डझनाच्या पेटीतलं फळ आणि सहा डझनाच्या पेटीतलं फळ यांत फरक काय आणि रसासाठी कोणतं घ्यावं. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे येतात. यांची नोंदणी असेल तर तिचा फोटो टाक. यातलं एकही वाक्य दुसऱ्याच्या साइटवर जसंच्या तसं असणं शक्य नाही, कारण ते त्यांच्या आवारातून आलेलं आहे. फोटोही त्यांच्याच पडवीतले घे. विकतच्या फोटोंतला तो ओलाचिंब आंबा बघून मला आता कंटाळा आलाय.

हल्ली सगळे एआयकडून लिहून घेतात. घे, त्याबद्दल सोवळं नको. पण दहा बागायतदारांनी एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारला तर दहांना एकाच चवीचं उत्तर येणार. शिवाय मार्च २०२४पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत ढिगाने पानं पाडण्याविरुद्ध वेगळं कलम आहे, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. दंड नाही म्हणाले होते ना? तो साध्या दुबारपणाला नाही. फसवण्यासाठी केलेल्या दुबारपणाला आहे.

म्हणूनच ती गावांची पानं काढ. ‘पुण्यात हापूस घरपोच’, ‘नाशिकमध्ये हापूस घरपोच’, ‘नागपुरात हापूस घरपोच’, आत फक्त गावाचं नाव बदललेलं. कुणीतरी त्यांना पॅकेज विकलेलं दिसतंय. पुण्याला रोज गाडी जाते, कोथरूडला त्यांचं उतरवून घ्यायचं ठिकाण आहे, नागपूरला आठवड्यातून एकदाच आणि भाडं वेगळं, असं खरोखर सांगण्यासारखं असेल तर त्या गावाचं पान ठेव. नसेल तर सगळी ‘डिलिव्हरी’ या एका पानावर ३०१ने आण. वर्षांच्या पानांचंही तसंच. ‘हापूस २०२२’, ‘हापूस २०२३’, ‘हापूस २०२४’ असं दरवर्षी नवं पान काढलं, की जुन्या पानाने कमावलेल्या लिंका जुन्याच्याच नावावर राहतात. पत्त्यात साल नकोच. पान एक, आतला भाव आणि तारीख दरवर्षी नवी.

मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर माल टाकताना आपल्या पानाचा मजकूर उचलून त्यांना देऊ नकोस. त्यांचं वजन तुझ्यापेक्षा जास्त, मग तुझ्याच वाक्यांवर ते वर येतात. त्यांना चार ओळींचं वेगळं वर्णन दे. मालकांचा लेख एखाद्या पोर्टलने छापायला मागितला तर द्यावा, पण त्यांनी त्यांच्या पानाला नोइंडेक्स लावावा असं विचारून बघ. आपल्याकडे कॅनॉनिकल लावून घ्या असं पूर्वी सांगायचे, गूगलने तो सल्ला २०२३मध्ये बदलला.

कुणी चोरलं तर? आधी बघ, तो खरंच आपल्या वर येतो का. येत नसेल तर त्याच्यामागे लागून मोसम घालवू नकोस. येत असेल तर स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव, त्याला एक सरळ मेल कर. आपल्याकडे १९५७च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही. ऐकलं नाही तर गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे. खोटी तक्रार अंगाशी येते, तेव्हा ‘कोकणचा राजा’वर हक्क सांगायला जाऊ नकोस.

हे सगळं केल्यावर सर्च कन्सोलमधला इंडेक्स झालेल्या पानांचा आकडा खाली येईल आणि मालकांचा फोन येईल. ‘इंडेक्स न झालेली’ या राखाडी पट्टीत ‘ऑल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग’ अशी ओळ दिसेल. ती चूक नाही, आपण सांगितलेलं ऐकल्याची पावती आहे. ‘डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर’ असं दिसलं तर मात्र त्या पानावर बस. त्यांना आकडे समजावण्यापेक्षा फोनवर गूगल उघडून त्यांची पेटी शोधून दाखव; कोणतं पान वर आलं आणि त्यावर बटण आहे का, हे त्यांना आपोआप दिसेल.

आणि हे काम जूनमध्ये घे. आंबा संपला, पाऊस लागला की. गूगलला बदल पचवायला वेळ लागतो, आणि मार्च ते मे या काळात तू एकही पत्ता हलवायचा नाहीस, मालकांचा मुलगा कितीही मागे लागला तरी. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. यांचे मात्र काढूच नकोस. पेटीच्या झाकणावर जो क्यूआर कोड छापलाय तो जुन्या एचटीटीपीच्या पत्त्याचा आहे, आणि गोदामात तसल्या झाकणांचे गठ्ठे अजून पडलेत, ते संपल्याशिवाय नवीन छापणार नाहीत ते.